सीझन

आमच्याकडं सीझन म्हणजे उसाचा.
डिसेंबर लागला की शिरोली नाक्यापासनं
ट्रॉल्या एका अंगावर कलून चालतात,
मळीचा वास शर्टाला चिकटून घरात येतो.
तिकडं सीझन म्हणजे सुट्ट्यांचा,
कॅम्परव्हॅनचं भाडं दुप्पट,
हे भूपालनं सांगितलं गंगावेशीत,
दुधाचा ग्लास हातात, मिशीला फेस.
म्हैस शेजारीच उभी होती.
न्यूझीलंडचा नकाशा तिच्या पाठीवर पसरावा
अशा थाटात आम्ही चौघं बोलत होतो.

बारा वर्षं बोलत होतो.
त्यासाठी भिशी लावली, ती तीनदा फुटली.
एकदा भूपालच्या बहिणीच्या लग्नात,
एकदा मुश्ताकच्या वडिलांच्या बायपासला,
एकदा महापुरात माझी लेथ आठ दिवस पाण्याखाली होती तेव्हा.
चौथ्यांदा टिकली.

तिघांना व्हिसा आला.
मला पत्र आलं. अनंतच्या पोरीनं वाचून मराठीत सांगितलं:
मुदत संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल
याबद्दल आमचं समाधान झालेलं नाही.

मी!
ज्याची लेथ काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवलीय.
जो बेळगावला गेला तरी शेवटची एसटी धरतो,
दुसऱ्याच्या उशीवर झोप लागत नाही म्हणून.
दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो,
"मी परत येईन का नाही, शंका आहे बघा त्यांना!"
जरा तोऱ्यातच सांगितलं, खोटं कशाला बोलू.
आजवर कुणी मला
एवढ्या लांबचा समजलं नव्हतं.

बॅगा मीच चढवल्या मुंबईच्या गाडीत.
चटणीचा डबा तिकडं विमानतळावर काढून घेतला म्हणे,
हुंगायला आणलेलं कुत्रं दोनदा शिंकलं.
मग फोटो यायला लागले.
निळं पाणी, त्याच्यापुढं अनंतची पांढरी बनियन.
बर्फाचा डोंगर, त्याच्यापुढं अनंतची पांढरी बनियन.
आणि व्हॅनमधला चौथा बंक,
त्याच्यावर कांद्याचं पोतं, चादर पांघरून,
खाली लिहिलेलं: तू झोपलायस, उठवत नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी फोन आला.
माझी जेवणाची सुट्टी, दुपारचे दोन.
त्यांच्यात साडेनऊ वाजून गेलेले तरी उजेड.
व्हॅनचं सरकतं दार अर्ध्यात अडकलेलं, गॅरेजं बंद,
भूपाल शिव्या घालत होता अस्सल, आपल्या.
मी म्हटलं, गप बस. दार ओढ. आता ढकल.
परत. फोन खाली ने, रुळाजवळ.
डोळे मिटून ऐकलं.
वरचा रोलर चांगला होता,
खालचा टक्‌ करून एकाच जागी उडी मारत होता.
खडा आहे, म्हटलं. मागच्या चाकापाशी बघ.
होता. हरभऱ्याएवढा.
काढून साबण लाव, कोरडा.
लावला. दार सरकलं, लोण्यातनं सुरी जावी तसं.

पण त्या सरकण्याच्या मागं
आणखी एक आवाज होता, येऊन परत जाणारा.
मला वाटलं लाईनमध्येच काहीतरी आहे.
मग कळलं.
दार नीट झालं होतं,
तरी म्हणालो, अजून एकदा उघड.
नीट नाही वाटत मला. अजून एकदा.

तेवढ्यात दुकानापुढनं ट्रॅक्टर गेला,
मागं दोन ट्रॉल्या, कर्णा फाटेस्तोवर गाणी,
आणि तिकडनं भूपाल एकदम हळू आवाजात,
"ऊस चाललाय काय रे?
थांब. फोन दाराकडं धर जरा."

धरला.
डब्यातली भाकरी वाळत होती.
त्यानं त्याच्याकडचं दार उघडंच ठेवलं होतं बहुतेक.
दोघंही काही बोललो नाही, रेंज जाईपर्यंत.

साबण कुठला लावला
ते विचारायचं राहूनच गेलं.